वाटेची नोंद : डोंगरात नेण्याचे छोटे जीपीएस यंत्र घेताना



कारखान्याचा पट्टा पडला, तोडणीच्या टोळ्या गावाकडे परतल्या आणि खोडव्याला खत-पाण्याची एक फेरी होऊन गेली, की आपल्या भागातील तरुण मंडळींना रत्नागिरीची वाट दिसू लागते. कुणी मोटारसायकलवरून मलकापूर, आंबा घाट, साखरपा, नाणीज, पाली, हातखंबा असे टप्पे घेत गणपतीपुळ्याला जातो. कुणी सायकलीवर टांग टाकतो. आषाढात पन्हाळ्याहून मसाईचे पठार ओलांडून पावनखिंडीकडे पायी जाणाऱ्यांची तर दरवर्षी रीघच लागते. पूर्वी या मंडळींच्या पिशवीत भाकरी, बॅटरी आणि घोंगडे असे. आता त्यात एका वस्तूची भर पडली आहे : काडीपेटीएवढे, आपण गेलो त्या वाटेची आपोआप नोंद ठेवणारे जीपीएस यंत्र.

"असलं यंत्र घ्यायचं तर कुठलं घ्यावं?" असे गट ऑफिसच्या कट्ट्यावर बऱ्याच जणांनी विचारले. कट्ट्यावर उभ्या-उभ्या दिलेले उत्तर अपुरे राहते, म्हणून हा लेख. मात्र प्रथम एक घडलेली गोष्ट सांगतो. यंत्राची निवड कशी करावी हे मी दुकानात शिकलो नाही, डोंगरात शिकलो.

नोंद होती, पण सांगायला तोंड नव्हते

२०१८ सालचा भाद्रपद. आम्ही पाच जण सकाळच्या एसटीने विशाळगडाला उतरलो. विशाळगड शाहूवाडी तालुक्यात. तिथून दरी उतरून पलीकडचे पठार चढले, की रत्नागिरी जिल्ह्यातील लांजा तालुक्याचे माचाळ गाव लागते. दोन-अडीच तासांची पायवाट. माचाळला मुचकुंद ऋषींची गुहा आहे, मुचकुंदी नदीचा उगम त्याच परिसरात. गुहा पाहिली, भाकरी खाल्ली आणि दुपारी परत फिरलो.

निघालो तेव्हा उघडीप होती. अर्ध्या तासात धुके असे उतरले, की पुढच्या माणसाची पाठ दिसेना. पठारावर गुरांच्या वाटा पायलीला पन्नास. त्यांतली आमची कुठली हे कळेना. बोलत-बोलत आम्ही एका ओहोळाच्या कडेने उतरू लागलो. वाट उतरतीच होती, आम्हालाही उतरायचेच होते, म्हणून कुणाला शंका आली नाही.

मोबाईल काढले. दोन केव्हाच बंद पडले होते. डोंगरात रेंज शोधता-शोधता मोबाईलची बॅटरी निम्म्या वेळात संपते, हे आम्हाला ठाऊक नव्हते. तिसऱ्यात चार टक्के शिल्लक, पण नकाशाच्या जागी नुसती पांढरी पाटी. एका मित्राच्या पिशवीत मात्र नुकतेच मागवलेले नोंदयंत्र होते. अंगठ्याएवढे, तीन दिव्यांचे, पडदा नसलेले. त्याचा हिरवा दिवा सकाळपासून इमानाने लुकलुकत होता.

"त्याला समदं म्हाईत हाय की! विचारा त्याला," एक जण म्हणाला.

माहीत होते खरे. आम्ही कुठून आलो, कुठे वळलो, कुठे चुकलो, सगळे त्याच्या पोटात लिहिलेले होते. पण संगणकाला जोडल्याखेरीज ते बोलणार नव्हते. माचाळच्या पठारावर संगणक कुठून आणावा?

पुढे पाणी पडल्याचा आवाज येऊ लागला तसे आम्ही थांबलो. हाका घातल्या. बऱ्याच वेळाने वरच्या अंगाने घंटेचा आवाज आला आणि मागून खोळ पांघरलेला एक म्हातारा. गुरे राखीत होता. त्याने आम्हाला पाहिले, ओहोळाकडे पाहिले आणि म्हणाला, "ती वाट न्हवं, पाव्हणं. ती पान्याची वाट हाय. पानी कड्यावरनं उडी मारतं. मान्सानं मारू नये."

त्याने आम्हाला मूळ वाटेवर आणून सोडले. रात्री घरी येऊन यंत्र संगणकाला जोडले. पडद्यावर आमची दिवसभराची रेघ उमटली. तीत दोन गोल वेटोळी होती. ज्या जागी आम्ही घाबरून उभे होतो, तिथून सकाळची वाट जेमतेम दीडशे पावलांवर होती.

त्या दिवसापासून एक गोष्ट मनावर कोरली गेली. बाजारात या यंत्रांच्या दोन जाती आहेत : एक नुसती *नोंद ठेवणारी* आणि दुसरी *नोंद ठेवून वाट दाखवणारी*. दोन्ही उपयोगी आहेत, पण एकीचे काम दुसरीकडून होत नाही. खरेदीची सुरुवात इथून करावी.

यंत्र काम कसे करते

निवड समजण्यापुरते थोडे शास्त्र पाहू. जीपीएस ही अमेरिकेची उपग्रह यंत्रणा आहे. तिचे तीसच्या आसपास उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून दिवसातून दोनदा पृथ्वीभोवती फिरतात. प्रत्येकावर अणुघड्याळ असते आणि "मी इथे आहे, आता इतके वाजले आहेत" असा पुकारा तो सतत करीत असतो. हा पुकारा सेकंदाला सुमारे तीन लाख किलोमीटर वेगाने येतो. तो पोचायला किती वेळ लागला यावरून आपले यंत्र त्या उपग्रहाचे अंतर काढते. निदान चार उपग्रहांची अंतरे मिळाली, की आपली जागा आणि उंची ठरते.

यंत्र हे नुसते *ऐकते*. रेडिओ जसा ऐकतो तसे. त्याला सिमकार्ड लागत नाही, महिन्याचे भाडे लागत नाही, मोबाईलचा मनोरा लागत नाही. ऊस वाहतुकीच्या काही वाहनांवर बसवतात ते यंत्र वेगळे : त्यात सिम असते आणि ते वाहनाची जागा दुसरीकडे कळवते. आपण बोलतो आहोत ते नोंदयंत्र कुणाला काही कळवत नाही, फक्त वहीत लिहून ठेवते. ते खिशात आहे म्हणून घरच्यांना आपण कुठे आहोत हे कळेल, अशा भ्रमात राहू नये.

ही सोय सामान्य माणसापर्यंत यायला वेळ लागला. हातात धरण्याजोगे पहिले जीपीएस यंत्र मॅगेलन कंपनीने १९८९ साली विकायला काढले. ते विटेएवढे होते. पूर्वी अमेरिकन सरकार नागरी पुकाऱ्यात मुद्दाम चूक मिसळीत असे, त्यामुळे शंभर मीटरपर्यंत फरक पडे. मे २००० मध्ये ही भेसळ बंद झाली आणि उघड्या माळावर काही मीटरपर्यंत जागा कळू लागली. रशियाची ग्लोनास, युरोपची गॅलिलिओ, चीनची बैदू अशा यंत्रणाही आहेत. आपल्या देशाच्या 'नाविक' यंत्रणेचा पहिला उपग्रह १ जुलै २०१३ रोजी श्रीहरिकोट्याहून सुटला. एकाहून अधिक यंत्रणा ऐकणारे यंत्र घाटात जास्त उपयोगी, कारण कड्याआड निम्मे आभाळ झाकले, तरी उरलेल्या निम्म्यात पुरेसे उपग्रह सापडण्याची शक्यता वाढते. मात्र खोक्यावर एखादे नाव छापले आहे एवढ्यासाठी जादा पैसे मोजू नयेत.

मोबाईल आहे की, मग वेगळे कशाला?

हा प्रश्न रास्त आहे. खरे सांगायचे तर शंभरातल्या नव्वद जणांना वेगळ्या यंत्राची गरज नाही. हातातल्या मोबाईलमध्ये जीपीएस असतेच आणि *रेंज नसली तरी ते चालते*. रेंज लागते ती नकाशा उतरवून घेण्यासाठी. म्हणून निघण्याच्या आदल्या रात्री त्या भागाचा नकाशा मोबाईलमध्ये साठवून घ्यावा. ओस्मअँडसारख्या ॲपमध्ये ही सोय आहे आणि वाटेची नोंदही होते.

डोंगरात शिरताच मोबाईल विमानाच्या मोडवर टाकावा. बहुतेक मोबाईलमध्ये जीपीएस त्याने बंद पडत नाही, उलट रेंज शोधण्याची धडपड थांबून बॅटरी टिकते. आणखी एक खबरदारी : बॅटरी वाचवण्यासाठी काही मोबाईल पडदा बंद होताच मागे चालू असलेली नोंद गुपचूप थांबवतात. तेव्हा आधी शेताला एक फेरी मारून, नोंद तुटत नाही ना, हे पाहून घ्यावे.

मग वेगळे यंत्र कुणी घ्यावे? जे मुक्कामी दोन-तीन दिवस डोंगरात जातात त्यांनी, जे भर पावसात चालतात त्यांनी आणि जे टोळीचे पुढारीपण करतात त्यांनी. ओल्या बोटाला मोबाईलचा काचेचा पडदा दाद देत नाही. रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, घाटमाथ्यावर त्याहूनही जास्त. तिथे बटणांचे यंत्रच कामाला येते. शिवाय अडचणीच्या वेळी फोन करण्यापुरती मोबाईलची बॅटरी शिल्लक राहते. बैलजोडीतल्या एकाच बैलावर सगळे ओझे टाकू नये, तसेच हे.

घेताना काय पाहावे

*१. परतीची वाट दाखवते का?* गेलो त्याच रेघेवरून मागे नेण्याची सोय आणि ती रेघ पाहायला पडदा, हे दोन्ही असावे. पडदा रंगीत नसला तरी चालेल. उन्हात काळा-पांढरा पडदा अधिक स्पष्ट दिसतो आणि कमी वीज खातो. केवळ मोटारसायकलच्या सहलीची आठवण म्हणून रेघ हवी असेल, तर बिनपडद्याचे यंत्र पुरे. होलक्स, क्यूस्टार्झ या तैवानी कंपन्यांची अशी यंत्रे एके काळी पुष्कळ खपली.

*२. बॅटरी कोणती आणि किती तास?* आत बसवलेली बॅटरी हलकी असते, पण काही वर्षांनी तिचा दम जातो आणि डोंगरात संपली तर भरण्यासाठी पॉवर बँक लागते. पेन्सिल सेलवरचे यंत्र थोडे जड, पण सेल खेड्यातल्या किराणा दुकानातही मिळतात. उदाहरणादाखल, गार्मिन कंपनीचे २०१९ साली आलेले ईट्रेक्स २२एक्स दोन सेलवर २५ तासांपर्यंत, तर २०२३ साली आलेले काळ्या-पांढऱ्या पडद्याचे ईट्रेक्स एसई १६८ तासांपर्यंत चालते, असे कंपनी सांगते. कंपनीचा आकडा म्हणजे बियाण्याच्या पिशवीवरचा उतारा. आपल्या रानात त्यातून थोडे वजा धरून चालावे.

*३. पाणी.* खोक्यावर 'आयपीएक्स ७' असे लिहिलेले असावे. म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास बुडाले तरी आत पाणी शिरू नये. मात्र सेलचे झाकण आणि तारेच्या भोकावरचे रबर नीट बसवणे आपल्या हाती. नुसते 'पाऊसरोधक' या शब्दावर विसंबू नये.

*४. नोंद बाहेर कशी निघते?* याकडे सहसा कुणी लक्ष देत नाही आणि पुढे पस्तावतो. नोंद 'जीपीएक्स' या प्रकारच्या फाईलमध्ये मिळाली पाहिजे. ही पद्धत २००२ पासून रूढ आहे आणि बहुतेक सगळे नकाशे ती वाचतात. तार जोडताच यंत्र पेनड्राइव्हसारखे उघडावे. काही यंत्रांतली नोंद फक्त त्या कंपनीच्याच सॉफ्टवेअरने निघते. कंपनीने ते अद्ययावत करणे सोडले, की नव्या संगणकावर ते चालत नाही आणि आपली वही कुलूपबंद होते.

*५. वही भरल्यावर काय होते?* काही यंत्रे जुनी पाने पुसून नवी लिहितात, काही लिहिणेच थांबवतात. आपले कुठले, हे आधी माहीत असावे. मोठ्या प्रवासापूर्वी जुनी नोंद काढून वही कोरी करावी.

*६. जुने यंत्र घेत असाल तर तारीख पाहा.* जीपीएसच्या मूळ पुकाऱ्यात आठवड्यांचा आकडा १०२३ पर्यंत जाऊन पुन्हा शून्यावर येतो. साडेएकोणीस वर्षांहून थोडा अधिक काळ. असा पालट ऑगस्ट १९९९ मध्ये झाला, नंतर ६ एप्रिल २०१९ रोजी झाला आणि पुढचा नोव्हेंबर २०३८ मध्ये आहे. २०१९ नंतर अनेक जुनी यंत्रे जागा बरोबर सांगतात, पण तारीख वीस वर्षे मागची लिहितात. सेकंडहँड बाजारात अशी यंत्रे स्वस्तात मिळतात. वाट नोंदायला ती चालतील, पण काय घेतो आहोत हे समजून घ्यावे.

*७. बटणे आणि वजन.* थंडीत, ओल्या हाताने, अंधारात बटण दाबता येते का, हे दुकानातच डोळे मिटून करून पाहावे. गळ्यात अडकवायला दोरीचे भोक असावे.

आणखी एक सूचना. उपग्रहामार्फत *संदेश पाठवणारी* यंत्रे आणि उपग्रह-फोन आपल्या देशात परवान्याशिवाय बाळगता येत नाहीत. परदेशातून येणाऱ्या नातेवाइकाने कौतुकाने आणले, तरी ते घेऊ नये. नुसते ऐकणारे साधे जीपीएस यंत्र बाळगायला असा परवाना लागत नाही.

किती सेकंदाला एक ठिपका?

यंत्र सलग रेघ ओढत नाही. ठरावीक वेळाने एकेक ठिपका टाकते आणि ठिपके जोडून रेघ होते. किती वेळाने टाकायचा, हे आपण ठरवायचे.

माणूस तासाला ४ किलोमीटर चालतो असे धरले, तर ५ सेकंदांत साडेपाच मीटर होतात. पायी जाणाऱ्याला हे अंतर उत्तम. दहा तासांच्या चालीत ७,२०० ठिपके पडतात. तेच ५ सेकंद मोटारसायकलला ठेवले, तर ताशी ४० किलोमीटर वेगात दोन ठिपक्यांमध्ये ५५ मीटर जातात. आंबा घाटातली वळणे त्यात कापली जातात, रेघ दरीतून उडी मारल्यासारखी दिसते आणि एकूण अंतरही कमी भरते. म्हणून मोटारसायकलला एक सेकंद, सायकलला दोन-तीन सेकंद आणि पायी पाच सेकंद, हा हिशेब ध्यानात ठेवावा.

याच्या उलट गंमत जेवणाच्या वेळी होते. यंत्र चालू ठेवून झाडाखाली तासभर बसले, तर ठिपका काही मीटर इकडे-तिकडे डोलत राहतो आणि न चालताच अंतर वाढते. मोठा मुक्काम असेल तर नोंद थांबवावी, पण निघताना पुन्हा सुरू करायला विसरू नये.

सकाळी निघताना यंत्र उघड्यावर ठेवून दोन-चार मिनिटे स्वस्थ राहू द्यावे. एका उपग्रहाचा स्वतःच्या जागेचा तपशील अर्ध्या मिनिटाने पुन्हा-पुन्हा येतो, तर सगळ्या उपग्रहांचे पंचांग पुरे व्हायला साडेबारा मिनिटे लागतात. बरेच दिवस बंद असलेले यंत्र म्हणूनच सुरुवातीला चाचपडते. ठेवण्याची जागा म्हणजे पिशवीचा वरचा कप्पा किंवा खांद्यावरचा पट्टा. विजारीच्या खिशात ठेवले तर निम्मे आभाळ आपल्याच अंगाने झाकले जाते. मोटारसायकलला बांधताना रबराची घडी खाली घालावी, नाहीतर खड्ड्यात सेल क्षणभर सुटतो आणि यंत्र बंद पडते. पुढे शंभर किलोमीटर गेल्यावर ते कळते.

उंचीच्या आकड्यावर फार भरवसा ठेवू नये. कच्च्या नोंदीत तर गणपतीपुळ्याच्या वाळूत उभे राहूनही समुद्राखाली साठ मीटरहून अधिक खोल असल्याचा आकडा येऊ शकतो. यंत्र बिघडलेले नसते. ते पृथ्वीचा एक गुळगुळीत गणिती आकार धरून मोजते आणि आपल्या किनाऱ्याला समुद्राची पातळी त्या आकाराच्या बरीच खाली आहे. चांगली यंत्रे ही दुरुस्ती स्वतःच करतात.

कृपा करून याने बांध मोजू नका

हे शेतकऱ्यांच्या मासिकात ठळक अक्षरांत लिहिणे भाग आहे. यंत्र हातात आले, की पहिल्याच रविवारी माणूस बांधावरून फिरतो आणि संध्याकाळी भावकीत भांडण पेटते.

साधा हिशेब करा. एक एकराची पट्टी, रुंदी २० मीटर, लांबी सुमारे २०२ मीटर. लांब बाजूला यंत्राने दोनच मीटरची चूक केली, तर ४०० चौरस मीटरचा फरक पडतो. एक गुंठा म्हणजे सुमारे १०१ चौरस मीटर. म्हणजे चार गुंठ्यांचा घोळ! आणि दोन-चार मीटरची चूक हा या यंत्राचा दोष नव्हे, तो त्याचा स्वभाव आहे. लागणीच्या नोंदीसाठी क्षेत्राचा अंदाज घेणे वेगळे आणि हद्द कायम करणे वेगळे. हद्दीसाठी भूमी अभिलेख खात्याची मोजणी मागवावी. त्यांच्या रोव्हरला जमिनीवरच्या कायम केंद्रांकडून दुरुस्ती मिळते, म्हणून तो सेंटिमीटरच्या हिशेबात बोलतो. काडीपेटीएवढ्या यंत्राच्या साक्षीवर सख्ख्या भावाशी बोलणे टाकू नये.

मदत मागताना आकडा कसा सांगावा

प्रसंग आलाच आणि रेंज मिळाली, तर ११२ ला फोन करून आपली जागा सांगता येते. पण अक्षांश-रेखांश लिहिण्याच्या दोन रीती आहेत आणि त्यांची गल्लत जिवावर बेतू शकते. रत्नागिरी शहराचा अक्षांश सुमारे १६ अंश ५९ मिनिटे. तोच दशांशात लिहिला तर १६.९९ अंश होतो. कुणी घाईत "सोळा एकोणसाठ" असे सांगितले आणि ऐकणाऱ्याने १६.५९ अंश असे लिहिले, तर जागा सुमारे ४४ किलोमीटर दक्षिणेला, जैतापूरच्या अक्षांशावर जाते! शोधपथक तिकडे आणि आपण इकडे.

म्हणून यंत्र दशांशाच्या रीतीवर लावून ठेवावे आणि सांगताना एकेक आकडा सुटा उच्चारावा : "एक, सहा, पूर्णांक, नऊ, नऊ..." दशांशानंतर चार आकडे सांगितले, की दहा-बारा मीटरपर्यंत जागा कळते. टोळीतल्या निदान दोघांना हे आकडे पडद्यावर कुठे दिसतात हे माहीत असावे. यंत्राचा मालकच पाय मुरगळून पडला तर?

आणि चुकलो असे वाटताच पहिले काम म्हणजे थांबणे. दुसरे, यंत्रावरून आपल्याच रेघेवर मागे फिरणे. पाण्याच्या वाटेने मात्र कधीही खाली उतरू नये. सह्याद्रीत पाणी कड्याकडे जाते.

वाट राखायची तर

आता त्या म्हाताऱ्याकडे वळतो. त्याच वर्षी पौषात आम्ही मुद्दाम पुन्हा माचाळला गेलो. येताना त्याच्यासाठी आपल्या गुऱ्हाळाची गुळाची ढेप नेली होती. त्याने ती कपाळाला लावून घेतली. दिवसभर तो आमच्यापुढे चालला आणि आम्ही पडद्याचे यंत्र चालू ठेवून त्याच्या मागे. कुठे पाणी बारमाही आहे, कुठली वाट विशाळगडाला जाते आणि कुठली खाली प्रभानवल्लीकडे उतरते, कुठे वाट संपते आणि कडा लागतो, हे तो सांगत होता. प्रत्येक ठिकाणी आम्ही यंत्रात खूण केली.

"तुमच्यामागं ह्या वाटा कुणाला म्हाईत?" मी विचारले.

"पोरं मुंबैला. नातवंडं गाडीनं येत्यात, गाडीनं जात्यात," तो म्हणाला. "आता ह्या डब्याला म्हाईत."

घाटावरचा आणि कोकणातला व्यवहार शेकडो वर्षे अशाच वाटांनी चालला. राजापूर हे सतराव्या शतकात नावाजलेले बंदर. इंग्रजांची वखार तिथे होती. अणस्कुरा घाटाने तिकडचा माल वर येई आणि देशावरचा खाली उतरे. मोठ्या घाटांचे डांबरी रस्ते झाले, ते टिकले. लहान वाटा मात्र फक्त चालणाऱ्यांच्या पायात होत्या. पाय थांबले, की दोन पावसाळ्यांत कारवी माजते आणि वाट बुजते.

आम्ही ती नोंद ओपनस्ट्रीटमॅप या सर्वांना खुल्या असलेल्या नकाशावर चढवली. तिथे कुणालाही वाट जोडता येते. फेब्रुवारी २०२१ मध्ये केंद्र सरकारने नकाशांसंबंधीचे नियमही सैल केले, त्यामुळे संरक्षणाची व तत्सम संवेदनशील ठिकाणे वगळता आपल्या नागरिकांना अशी माहिती गोळा करून प्रसिद्ध करायला पूर्वीइतकी आडकाठी राहिलेली नाही. दोन पथ्ये पाळावीत. नोंद इतरांना देताना आपल्या घराजवळचा तुकडा कापून टाकावा. आणि नकाशावर रेघ दिसली म्हणजे जाण्याची परवानगी मिळाली, असे समजू नये. चांदोलीसारख्या राखीव जंगलात वनखात्याची परवानगी लागतेच.

तेव्हा सभासद मित्रांनो, सारांश इतकाच. जवळ मोबाईल असेल तर आधी तोच नीट वापरायला शिका. यंत्र घ्यायचेच झाले तर परतीची वाट दाखवणारे, सेल बदलता येणारे, पाण्याला टिकणारे आणि नोंद मोकळेपणाने देणारे घ्या. बाकीची कलाकुसर दुकानदाराला राहू द्या. आणि घाटात एखादा जाणता म्हातारा भेटला, तर यंत्र चालू करून त्याच्यामागे चार पावले जरूर चाला.

तो म्हातारा आता नाही. मागच्या पावसाळ्यात दुसऱ्या जिल्ह्यातली काही मुले धुक्यातून त्याच रेघेने माचाळहून विशाळगडाला सुखरूप पोचली, असे त्यांनीच आम्हाला कळवले. ओहोळापाशी आम्ही यंत्रात जी खूण केली होती, तिचे नाव आम्ही 'पाण्याची वाट, उतरू नये' असे ठेवले आहे.